कोनी आयलंडचे पाळणे, घोडे आणि रूळ : कशातून काय निघालं

जुना_रूळ
न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, अटलांटिकच्या काठावर कोनी आयलंड आहे. नावात बेट असलं तरी मधली खाडी बुजवल्यामुळे ते आता बेट राहिलेलं नाही. तिथे एकच करमणुकीची बाग होती असा समज दिसतो, तो चुकीचा. सी लायन पार्क (१८९५), स्टीपलचेस पार्क (१८९७), लूना पार्क (१९०३) आणि ड्रीमलँड (१९०४) या चार वेगवेगळ्या मालकांच्या, कुंपण घातलेल्या बागा. त्यातली लूना ही सी लायनच्याच जागेवर उभी राहिली. शिवाय कुंपणाबाहेर सुटे पाळणे होतेच. आज उभे असलेले सायक्लोन हा रोलर कोस्टर (१९२७) आणि वंडर व्हील हा आकाशपाळणा (१९२०) हे त्या सुट्यांपैकी.

दिव्यांच्या रोषणाईवर आणि गर्दीवर भरपूर लिहिलं गेलंय. इथे फक्त यंत्रांवर बोलू.

सुरुवात लामार्कस थॉम्प्सनच्या स्विचबॅक रेल्वेपासून, जून १८८४. समोरासमोर दोन लाकडी मनोरे, मध्ये ६०० फुटांचा लाटांसारखा रूळ, सुरुवातीचं टोक साधारण ५० फूट उंच. भाडं ५ सेंट. लोक पुढे तोंड करून बसत नसत, बाकावर आडवे बसून बाजूचं दृश्य बघत. गाडी एका टोकाहून सुटून दुसऱ्या टोकाला जायची. तिथे माणसं उतरायची, नोकर गाडी ढकलून वर चढवायचे आणि सांधा बदलून शेजारच्या रुळावर घ्यायचे, मग परतीचा प्रवास. म्हणजे प्रत्येक फेरीला दोनदा उतरणं, दोनदा ढकलणं.

या त्रासावर तोडगा लगेच निघाला. त्याच वर्षी चार्ल्स अल्कोकने रुळाची दोन टोकं जोडून लंबगोल केला, गाडी सुटली तिथेच परत येऊ लागली. पुढच्या वर्षी फिलिप हिंकलने चढावर यंत्राने गाडी ओढायची सोय केली. त्यामुळे पहिला उतार माणसाच्या ताकदीवर अवलंबून राहिला नाही, हवा तेवढा उंच करता येऊ लागला. पुढच्या सगळ्या रोलर कोस्टरचं मूळ या दोन वर्षांत आहे. त्याचं टोक म्हणजे सायक्लोन : उंची ८५ फूट (२६ मीटर), लांबी २,६४० फूट, वेग जाहिरातीत ताशी ६० मैल म्हणजे ९७ किमी, हिशेबाने ८० च्या आत.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर खुशाल सांगा.

दातेरी
चांगला धागा. एक बारीक मुद्दा : स्विचबॅक हा 'जगातला पहिला' नव्हे. रशियात बर्फाच्या घसरगुंड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकं रुळाच्या खाचेत अडकवलेल्या गाड्या होत्या. आणि पेनसिल्व्हेनियात मॉक चंकला कोळशासाठी बांधलेल्या उताराच्या रेल्वेवर लोक हौसेने बसत. थॉम्प्सनचं श्रेय वेगळं आहे. ५ सेंटांत, ओळीने, दिवसभर माणसं बसवता येतील असा धंदा त्याने उभा केला आणि १८८५ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं.

ओळंबा
९७ किमी हा आकडा सगळीकडे छापला जातो, पण हिशेबात बसत नाही.

गाडीला इंजिन नाही. माथ्यावर जेवढी उंची मिळाली तेवढीच तिची शिदोरी. वेगाचा वर्ग = २ × ९.८१ × उतरलेली उंची. २५.९ मीटर धरले तर वर्ग येतो ५०८, म्हणजे सेकंदाला २२.५ मीटर, म्हणजे ताशी ८१ किमी. हे सुद्धा घर्षण शून्य, हवेचा विरोध शून्य आणि उतार पार जमिनीला टेकला असं धरून. चढावर ओढणारी साखळी सोडताना गाडीला जो वेग असतो तो सेकंदाला २ मीटर धरा, बेरजेत अर्धा किलोमीटरसुद्धा वाढत नाही, कारण वर्गांची बेरीज होते.

उलट बाजूने बघा. ९७ किमी हवे असतील तर निदान ३७ मीटर उतरायला हवं. सायक्लोन तेवढा उंचच नाही. तेव्हा ६० मैल हा जाहिरातीचा आकडा, खरा वेग ८० किमीच्या आत.

जुना_रूळ
पटलं. मग तिथे बसलेल्यांना तो इतका वेगवान का वाटतो?

ओळंबा
तीन कारणं. पहिला उतार ५८ अंशांच्या आसपास, लाकडी रुळासाठी हे फार उभं. दुसरं, सगळा पसारा एका छोट्या चौकात कोंबलाय, त्यामुळे सांगाड्याच्या तुळया कानाजवळून जातात. वेग डोळ्याला जवळच्या वस्तूवरून कळतो. तिसरं, १२ उतार एकामागोमाग एक आहेत, मध्ये श्वास घ्यायला सपाट रूळ जवळपास नाही. फेरी दोन मिनिटांच्या आत संपते.

खिटी
दातेरीला पूरक. कोस्टर बांधणारा जॉन मिलर हे नाव या धाग्यात यायलाच हवं, त्याच्याशिवाय ५८ अंश शक्य नव्हते.

जुन्या गाड्यांना खाली टेकणारी चाकं आणि बाजूने घासणारी चाकं एवढंच होतं. गाडी रुळावर नुसत्या वजनाने बसलेली असायची. टेकाडाच्या माथ्यावर वेग जास्त झाला की गाडी सरळ पुढे जायला बघते, रूळ मात्र खाली वळतो. परिणामी चाकं उचलली जातात. म्हणून जुनी टेकाडं पसरट ठेवावी लागत, नाहीतर ब्रेक्समन गाडीवर बसवून वेग मारावा लागे.

मिलरने १९१९ च्या सुमारास तिसरं चाक आणलं, रुळाच्या खालून. आता प्रत्येक कोपऱ्यावर चाकांचा एक जुडगा असतो : वरून भार घेणारं, बाजूने दिशा देणारं आणि खालून धरून ठेवणारं. गाडी उडूच शकत नाही. खालचं चाक सतत टेकलेलं नसतं, मध्ये थोडी फट ठेवतात. फट नसेल तर घर्षण वाढून गाडी वाटेत अडकते, फार असेल तर माथ्यावर गाडी आधी उचलली जाते आणि मग धाडकन अडते. तो दणका चाकाच्या बेअरिंगला आणि रुळाच्या खालच्या पट्टीला दोघांनाही बसतो.

चढावर जो 'कट्-कट्-कट्' आवाज येतो तोही त्याच परंपरेतला. रुळाच्या मध्ये दातेरी पट्टी, गाडीखाली स्वतःच्या वजनाने पडणारी खिटी. साखळी तुटली तर गाडी मागे फार तर एक दात घसरते. आवाज अनियमित यायला लागला तर खिटी झिजलीये किंवा तिच्या पिनेवर गंज चढून ती वेळेवर पडत नाहीये.

फिरता_घोडा
स्विचबॅकच्या नादात माणसाला उलटं करणाऱ्या पाळण्यांचा विषय राहिला. सी लायन पार्कमध्ये १८९५ लाच 'फ्लिप फ्लॅप' होता, लायना बीचरचा. २५ फूट व्यासाचं पूर्ण गोल रिंगण. लोकांच्या माना अवघडत, म्हणून तो लवकरच बंद पडला. दोष नेमका कुठे होता ते ओळंबा यांनी सांगितलं तर बरं.

ओळंबा
दोष 'गोल' या शब्दात.

माथ्यावर गाडी पडू नये म्हणून तिथे वेगाचा वर्ग निदान ९.८१ × त्रिज्या इतका हवा. खाली उतरेपर्यंत तो पाचपट होतो. म्हणजे तळाशी वर्तुळामुळे वजनाच्या पाचपट जोर, वर स्वतःचं वजन, एकूण सहापट. फ्लिप फ्लॅपची त्रिज्या ३.८ मीटर, म्हणजे माथ्यावर ताशी २२ किमी, तळाशी ४९ किमी. हा सगळा हिशेब 'जेमतेम पडत नाही' इतक्या वेगाचा. प्रत्यक्षात घर्षणासाठी वेग जास्त ठेवावा लागतो, आणि जास्त ठेवला की जोर आणखी वाढतो. फ्लिप फ्लॅपबद्दल बारापट असा आकडा सांगितला जातो.

पण निव्वळ आकड्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे तो एका क्षणात लागतो. सपाट रुळावर एकपट, गोलात शिरल्या शिरल्या सहापट. मान त्या झटक्याने जाते. वक्रता हळूहळू वाढवली, म्हणजे तळाशी त्रिज्या मोठी आणि माथ्याशी लहान, तर दोन्ही प्रश्न सुटतात. माथ्यावरची त्रिज्या लहान म्हणून तिथे कमी वेग पुरतो, तळाची मोठी म्हणून तिथे जोर कमी.

दातेरी
आणि कोनी आयलंडवर हे अर्धवट समजलंही होतं. १९०१ च्या एडविन प्रेस्कॉटच्या 'लूप द लूप'चं रिंगण लंबगोल केलेलं होतं. माना वाचल्या, धंदा मात्र जमला नाही. एका वेळी मोजकी माणसं बसत, त्यामुळे तासाला गल्ला फारच थोडा. बसणाऱ्यांपेक्षा उभं राहून बघणारे जास्त. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जर्मन अभियंता वर्नर श्टेंगेलच्या आराखड्याने पोलादी नळीच्या रुळावर थेंबाच्या आकाराचं रिंगण आलं तेव्हा हा विषय खऱ्या अर्थाने पुन्हा सुरू झाला.

जुना_रूळ
फिरता_घोडा, तुमच्या नावाला जागा. घोड्यांचं सांगा.

फिरता_घोडा
दोन प्रकारचे घोडे, गल्लत नको.

एक, जॉर्ज टिल्यूच्या बागेला ज्यावरून नाव पडलं ते स्टीपलचेस. शर्यतीचे यांत्रिक घोडे, मूळ कल्पना कॉडरी या इंग्रज माणसाची, टिल्यूने ती विकत घेतली. शेजारी शेजारी रूळ, प्रत्येकावर एक घोडा, घोड्यावर दोघे. दोराने वर ओढायचे, मग उतारावर सोडून द्यायचे. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. यात जड स्वार बहुधा जिंकतो. उतारावरचा ओढा वजनाच्या प्रमाणात वाढतो, हवेचा विरोध मात्र फक्त अंगाच्या आकारावर ठरतो.

दोन, मेरी-गो-राऊंड. कोनी आयलंडवरचं पहिलं १८७६ मध्ये चार्ल्स लूफने कोरलेलं. घोडे वरखाली करणारी यंत्रणा रुळली ती कोनी आयलंडच्याच विल्यम मँगल्सच्या १९०७ च्या पेटंटमुळे. रचना सुटसुटीत आहे. मधल्या खांबाच्या डोक्यावर मोठं दातेरी चक्र घट्ट बसवलेलं, ते फिरत नाही. छपराखालून चाकाच्या आऱ्यांसारखे दांडे निघतात, प्रत्येकाच्या आतल्या टोकाला छोटं दातेरी चाक. मंच फिरला की छोटं चाक त्या स्थिर चक्रावरून लोळतं आणि दांडा स्वतःभोवती फिरतो. दांड्याला अधूनमधून बाक दिलेला असतो, घोड्याची पितळी नळी त्या बाकाला टांगलेली. बाक वर गेला घोडा वर, खाली गेला घोडा खाली. शेजारच्या बाकांची दिशा वेगळी ठेवतात. दिसायला छान, आणि सगळे घोडे एकदम वर उचलायचे नसल्यामुळे मोटरवर भारही सारखा येतो.

बिघाड बहुतेक वेळा बाकावरच्या बेअरिंगचा. घोडा वरच्या टोकाला 'टक्' करून अडखळला की समजावं ते झिजलंय. दुसरी जागा मंचातलं भोक, जिथून नळी खाली सरकते. तिथली बुश (भोकातलं अस्तर) सैल झाली की घोडा पुढेमागे डुलायला लागतो.

मँगल्सने तयार केलेल्या चौकटीचं बी अँड बी कॅरोझेल हे मेरी-गो-राऊंड २०१३ पासून पुन्हा कोनी आयलंडवर फिरतंय.

आतषबाजी_नको
आगींबद्दल कुणी बोललं नाही अजून. ड्रीमलँड आणि लूना यंत्रांमुळे बंद पडल्या नाहीत, जळून गेल्या.

बांधकाम बघा. लाकडी चौकट, तिच्यावर पातळ पट्ट्या, वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये तागासारखा धागा कालवून केलेला गिलावा. लांबून संगमरवर, आत काडेपेटी. समुद्राचा वारा कायमचा. त्यात विजेची जुनी जोडणी आणि अंधाऱ्या सफरींत डांबर फासलेले पाण्याचे पाट.

ड्रीमलँड तशीच गेली. २७ मे १९११ ची पहाट, त्याच दिवशी हंगामाची सुरुवात. 'हेल गेट' नावाच्या होडीच्या सफरीत गळती थांबवायला गरम डांबर ओतत होते. दिवे गेले, अंधारात डांबराची बादली उलटली. काही तासांत सगळी बाग भुईसपाट, आणि ती पुन्हा उभी राहिली नाही.

स्टीपलचेस १९०७ च्या जुलैमध्ये जळालं. टिल्यूने दुसऱ्या दिवशी फलक लावला आणि जळकी जागा बघायला १० सेंट लावले! मग नवीन बांधताना त्याने बरीचशी गंमत पोलाद आणि काचेच्या मोठ्या मंडपाखाली आणली. ती बाग १९६४ पर्यंत चालली. लूना १९४४ च्या आगीनंतर संपली.

उतार_चढाव
मग सायक्लोन का वाचला, तोही लाकडीच ना?

आतषबाजी_नको
रूळ लाकडी, सांगाडा पोलादी. लांबून सगळंच लाकूड वाटतं.

खिटी
आणि त्या रुळाबद्दलच खरं लिहायला हवं, कारण 'लाकडी रूळ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकसंध तुळई येते.

लाकडी रूळ म्हणजे फळ्यांची चळत. साधारण आठ थर, आडवे एकावर एक. खालचे थर अरुंद, वरचे दोन रुंद, ते आतल्या बाजूला बाहेर डोकावतात. खालून धरणारं चाक त्या डोकावलेल्या भागाखालून चालतं. थर खिळ्यांनी आणि बोल्टने बांधतात, आणि दोन थरांचे सांधे कधीच एकमेकांवर येऊ देत नाहीत. वळणावर एकेक फळी वाकवत नेतात. जाड तुळई वाकणार नाही, पातळ फळी वाकते, आणि सगळ्या एकत्र बांधल्या की वाकलेल्या राहतात. चाक लाकडाला कुठेच टेकत नाही. वर, आतल्या बाजूला आणि खाली पोलादी पट्ट्या मारलेल्या असतात. वरची साधारण १०० मिमी रुंद आणि १० मिमीच्या आसपास जाड.

बिघडतं ते असं.

लाकूड सुकलं की आकसतं आणि नट सैल होतो. पावसाळी हवेत फुगतं, तेव्हा वॉशर लाकडात रुततो. परत सुकलं की नट आधीपेक्षा जास्त सैल. म्हणून रोज सकाळी रुळावरून चालत जाऊन तपासणी, हातात पाना आणि हातोडी. हातोडी ठोकण्यासाठी कमी, ऐकण्यासाठी जास्त : धडधाकट फळी खणखणीत वाजते, आतून कुजलेली भद्द.

उताराच्या तळाशी आणि वळण सुरू होतं तिथे मार सर्वात जास्त. तिथे रूळ एकदा किंचित दबला की गाडी त्या खड्ड्यात आपटते, आपटल्याने खड्डा वाढतो. चाकांच्या अंतराइतक्या पट्ट्यात एकामागोमाग खड्डे पडत जातात आणि बसणाऱ्याला खडखडाट जाणवतो. वरून पट्टी घट्ट करून हे जात नाही. पट्टी काढायची, खराब थर उपसायचे, नवे घालायचे, पट्टी परत मारायची. हे हिवाळ्यात, बाग बंद असताना, तुकड्या-तुकड्याने करतात. त्यामुळे जुन्या कोस्टरमध्ये पहिल्या दिवसाचं लाकूड फारसं उरलेलं नसतं, आकार तेवढा तोच. समुद्रकाठी बोल्टचा गंज हा वेगळा खर्च.

उतार_चढाव
दोन रुळांमधलं अंतर वाढतं तेव्हा?

खिटी
वळणावर बाहेरचा रूळ बाहेर ढकलला जातो. अंतर वाढलं की बाजूची चाकं सुटतात, गाडी डावी-उजवी आपटत जाते. ठरावीक ठिकाणी गजाने अंतर मोजतात. आडव्या पट्टीचे बोल्ट ढिले असतील तर फक्त ते आवळून भागतं, पट्टीच चिरली असेल तर बदलावी लागते.

दातेरी
ब्रेकचा मुद्दा राहिला. सायक्लोनसारख्या कोस्टरच्या गाडीला स्वतःचा ब्रेक नसतो, तो रुळात असतो. जुन्या पद्धतीत फलाटाच्या आधी दोन रुळांमध्ये लांब पट्ट्या बसवतात. चालक उंच लाकडी दांडा ओढतो, पट्ट्या वर येतात, गाडीच्या पोटाला घासून तिचा भार थोडा उचलतात. सायक्लोनचे दांडे याच जातीचे. अंदाज हातालाच यावा लागतो : भरलेली गाडी, रिकामी गाडी, सकाळची थंड गाडी आणि दुपारची तापलेली गाडी वेगवेगळ्या थांबतात. पट्ट्या ओल्या झाल्या की पकड जाते, म्हणून पावसात बंद ठेवतात. थंडीत उलटं, चाकातलं ग्रीस घट्ट होऊन गाडी शेवटच्या टेकाडावर रेंगाळते. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला रिकाम्या फेऱ्या मारून बेअरिंग गरम करून घ्यायचं.

उतार_चढाव
वंडर व्हीलला दोन तऱ्हेचे डबे का असतात? फोटोत काही बाहेरच्या कडेला दिसतात, काही मधेच लोंबकळत.

फिरता_घोडा
चार्ल्स हरमनचा आराखडा, १९२० मध्ये सुरू. उंची १५० फूट, डबे २४, एकूण १४४ माणसं. २४ पैकी ८ कडेला पक्के, नेहमीच्या आकाशपाळण्यासारखे. उरलेले १६ चाकाच्या आतल्या वळणदार रुळांवर सुटे. चाक फिरलं की तो रूळ एका बाजूला कलतो आणि डबा आतून बाहेर किंवा बाहेरून आत घरंगळत जातो. टोकाला पोहोचल्यावर झोके घेतो. वेगळी मोटर नाही, सगळं उतारावर.

यात एक गोम आहे. सुटे डबे एका बाजूला गोळा झाले तर चाकाचा तोल जाईल. म्हणून ते जोडी-जोडीने समोरासमोर मांडलेत. त्यामुळेच ४० अश्वशक्तीची मोटर एवढं धूड फिरवते, आणि १९७७ मध्ये न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हा हाताने चाक फिरवून माणसं खाली आणता आली.

ओळंबा
पॅराशूट जंपचा एक उल्लेख हवा. जेम्स स्ट्राँग या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने सैनिकांच्या सरावासाठी ही कल्पना काढली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ती करमणुकीची झाली, १९४१ मध्ये मनोरा सुटा करून स्टीपलचेसमध्ये हलवला. उंची २५० फूट. दोघांचं आसन दोराने वर ओढायचं, माथ्यावर ते आपोआप सुटायचं. पॅराशूट उघडायची वाट बघावी लागत नसे, कड्याने ते कायम पसरलेलं. भोवती मार्गदर्शक तारा आणि खाली स्प्रिंगा. अडचण वाऱ्याची. वारा वाढला की छत्र्या तारांवर घासून अडकत, म्हणून बंद ठेवावं लागे, आणि हे ठिकाण समुद्रकाठी! शिवाय माणसं जास्त लागत. स्टीपलचेसबरोबरच त्याची सद्दी संपली, सांगाडा मात्र अजून उभा आहे.

जुना_रूळ
सगळ्यांचे आभार. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे : 'ताशी ९७ किमी' काढून 'जाहिरातीत ९७, हिशेबाने ८० च्या आत' असं लिहिलं. खिटी, रुळाच्या आडव्या छेदाचं चित्र काढलंत तर टाका. 'वरचे दोन थर आतल्या बाजूला डोकावतात' हे नुसत्या वाक्यातून नव्या माणसाच्या डोळ्यापुढे उभं राहत नाही.

खिटी
उद्या टाकतो. तोवर : इंग्रजी 'टी' अक्षर डोळ्यापुढे आणू नका, दोन्ही बाजूंना नाही डोकावत. उलटा 'एल' घ्या, आडवी रेघ आतल्या बाजूला.